ऐकणे आणि आज्ञा : इग्नेशियसच्या एका पत्राचे वाचन

संत इग्नेशियस लोयोला यांच्या आज्ञापालनविषयक शिकवणीचा विषय निघाला की दोन रूपके ताबडतोब पुढे केली जातात. एक प्रेताचे, दुसरे म्हाताऱ्याच्या हातातल्या काठीचे. ठेवाल तिथे पडून राहणारे प्रेत आणि धरणारा नेईल तिकडे जाणारी काठी. येशूसंघाच्या संविधानाच्या सहाव्या भागात ही दोन्ही रूपके आहेत, हे खरेच. पण प्रेताचे रूपक मूळचे इग्नेशियसांचे नव्हे, असिसीच्या संत फ्रान्सिसच्या चरित्रपरंपरेत ते त्यांच्या बरेच आधीपासून आहे, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. रूपकांचे असेच होते. ती ग्रंथातून सुटतात, म्हणींसारखी मोकळी हिंडू लागतात, आणि मग ग्रंथ उघडण्याची गरज कुणाला उरत नाही.

जेझुइटांच्या बाबतीत तर एक गंमतच आहे. इतिहासाने त्यांच्यावर जे दोन मोठे आरोप ठेवले ते एकमेकांना छेद देणारे आहेत. हे लोक हुकूम डोळे मिटून पाळतात, हा पहिला. हे लोक कोणत्याही नियमातून पळवाट काढतात, हा दुसरा. पास्कालने १६५६-५७ मध्ये लिहिलेल्या ‘प्रॉव्हिन्शियल लेटर्स’चा सारा उपरोध या दुसऱ्यावर उभा आहे. पोपच्या आज्ञेत राहण्याचे खास व्रत असलेला हा संघ १७७३ मध्ये एका पोपनेच बरखास्त केला. रशियात मात्र सम्राज्ञी कॅथरीनने तो आदेश रीतसर जाहीर होऊ दिला नाही, आणि जाहीर न झालेला आदेश लागू होत नाही या आधारावर तिथले जेझुइट १८१४ मध्ये संघाची पुनःस्थापना होईपर्यंत जेझुइट म्हणूनच राहिले. याला आज्ञापालन म्हणावे की पळवाट, हे वाचकांनीच ठरवावे.

आम्हांला येथे विचार करावयाचा आहे तो २६ मार्च १५५३ रोजी रोमहून पोर्तुगालमधील जेझुइटांना पाठवलेल्या पत्राचा. आज्ञापालनावरील इग्नेशियसांचे हे सर्वांत प्रसिद्ध लेखन. पुढे शतकानुशतके संघाच्या भोजनगृहांतून ते ठरावीक काळाने मोठ्याने वाचले जात असे, म्हणजे बहुसंख्य जेझुइटांच्या ठायी हे पत्र डोळ्यांवाटे नव्हे तर कानांवाटे पोचले. ही बाब आम्हांला किरकोळ वाटत नाही. तिच्याकडे पुन्हा यावे लागेल.

पत्र म्हटले की प्रसंग आला. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे सांगण्याची आवश्यकता नाही, पण संतांचे लेखन हाती घेतले की आपण ते विसरतो आणि पत्राला सिद्धान्तग्रंथ मानू लागतो. पोर्तुगालमध्ये त्या वेळी संघाची अवस्था बिकट होती. कोइंब्रा येथील महाविद्यालयात तरुणांची गर्दी झाली होती, देहदंडाचे आणि जाहीर प्रायश्चित्तांचे वेड बोकाळले होते. प्रांतप्रमुख सिमाँव रॉड्रिग्ज हे इग्नेशियसांच्या पॅरिसमधील पहिल्या सोबत्यांपैकी एक. त्यांना पदावरून दूर करावे लागले, त्यांच्या जागी आलेल्या मिरो यांच्याशी अनेकांचे पटेना, आणि बरेच जण संघ सोडून गेले किंवा काढले गेले. असे घर फुटत असताना लिहिलेले हे पत्र आहे. इतर संघ उपवासात, जागरणात, खडतर तपात आमच्यापुढे जावोत, आमची ओळख आज्ञापालनाने व्हावी, असे इग्नेशियस त्यात म्हणतात ते याच संदर्भात. तपश्चर्येच्या चढाओढीत गुंतलेल्या तरुणांना ते सांगत आहेत की स्वतःच निवडलेले तपही स्वतःच्याच इच्छेचा एक विलास असू शकते. हे निरीक्षण फार मार्मिक आहे, आणि केवळ मठवासीयांपुरते नाही.

त्यानंतर येतात त्या तीन पायऱ्या. सांगितलेले काम करणे ही पहिली. इग्नेशियसांच्या मते ती फारशी किमतीची नाही. वरिष्ठाची इच्छा तीच आपली इच्छा करणे ही दुसरी. आणि वरिष्ठाचे मत तेच आपले मत करणे, म्हणजे बुद्धीही वाहून टाकणे, ही तिसरी. तिसरीवरच सारा वाद आहे. इथे इग्नेशियसांनी घातलेली एक मर्यादा नजरेआड करून चालणार नाही: जिथे सत्याचा उघड पुरावा बुद्धीला भाग पाडतो तिथे बुद्धी वळवता येत नाही, हे त्यांना मान्य आहे, जिथे पुरावा दोन्ही बाजूंना झुकू शकतो तिथे इच्छेने बुद्धीला कलते करावे, इतकेच त्यांचे म्हणणे. मग त्यासाठी ते उपाय सांगतात. वरिष्ठामध्ये चुका करणारा माणूस न पाहता ख्रिस्त पाहावा. आज्ञेच्या बाजूने युक्तिवाद शोधावेत, विरुद्ध नव्हे. आणि शेवटचा उपाय असा की आज्ञा पवित्रच आहे असे धरून, चौकशी न करता, पाळण्याच्या ओढीने पुढे जावे. या शेवटच्या उपायाचे उदाहरण म्हणून इसहाकाला बळी देण्यास निघालेला अब्राहाम येतो.

पत्रात बायबलमधील वचने भरपूर आहेत, पण ती कशी आली आहेत हे पाहण्यासारखे आहे. ती बहुधा एकटी येतात, अध्यायाला मागे ठेवून. यात इग्नेशियसांचा काही विशेष दोष नाही. त्यांच्या काळी धर्मशास्त्रीय लेखनात वचन हे प्रमाण म्हणून वापरले जाई, आणि अनेक वचने मूळ पोथीतून न येता कॅशियन, थोरला ग्रेगरी अशा पूर्वसूरींच्या ग्रंथांतून, त्यांच्या अर्थाचा रंग घेऊनच येत. आपल्याकडेही भाष्यकार श्रुतिवचन असेच उचलतात. परंतु आज वाचणाऱ्याने ते वचन परत त्याच्या घरी नेऊन पाहावयास हवे, असे आम्हांला वाटते. आम्ही तसे करून पाहिले तेव्हा पत्राला एक दुसरा आवाज फुटला.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा पंधरावा अध्याय घ्या. यज्ञापेक्षा आज्ञापालन श्रेष्ठ, या अर्थाचे तिथले वचन इग्नेशियस ग्रेगरीच्या आधाराने देतात आणि ते त्यांच्या प्रतिपादनात चपखल बसते. पण ही कोणती आज्ञा? शौल राजाने मोडली ती आज्ञा अमालेकी लोकांना बायकामुलांसकट, तान्ह्या पोरांसकट आणि गुराढोरांसकट नष्ट करण्याची होती. शौलाने राजाला जिवंत ठेवले आणि उत्तम जनावरे राखली. त्याचा अपराध दयेचा नव्हे, लोभाचा आहे, हे मान्य. तरीही हे वचन ज्या जमिनीत उगवले ती जमीन रक्ताने भिजलेली आहे. आणि त्याच अध्यायात आणखी एक गोष्ट आहे, जी प्रवचनांतून क्वचितच ऐकू येते. शौलाला नाकारल्याचे देवाकडून कळल्यावर शमुवेल अस्वस्थ होतो आणि रात्रभर देवाकडे आक्रोश करतो. सकाळी उठून तो निरोप पोचवतो, पण रात्र त्याने गप्प राहून काढलेली नाही. आज्ञापालनाचे सर्वांत कठोर वचन ज्याच्या तोंडी आहे त्याने आदल्या रात्री देवाशी वाद घातला आहे.

मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायाचे असेच. शास्त्री आणि परूशी मोशेच्या आसनावर बसले आहेत, तेव्हा ते सांगतील ते करा पण त्यांच्या करणीप्रमाणे करू नका, हा येशूचा उपदेश इग्नेशियसांना हवा तसा आहे. वरिष्ठ नालायक असला तरी त्याची आज्ञा पाळावी, हे त्यातून निघते. मात्र याच अध्यायात पुढे येशू त्याच शास्त्र्यांवर आणि परूश्यांवर जो हायहायकाराचा वर्षाव करतो त्याइतके तिखट भाषण शुभवर्तमानांत अन्यत्र नाही. लोकांच्या खांद्यांवर जड ओझी लादून स्वतः बोटही न लावणारे, असे त्यांचे वर्णन तिथे आहे. पालनाचा उपदेश आणि सत्तेची झडती एकाच श्वासात आली आहेत. पहिले अर्धे घेऊन दुसरे सोडले तर अर्थ अर्धा राहत नाही, उलटा होतो.

आणि आता अब्राहाम. मोरिया पर्वतावरच्या अब्राहामाविषयी बोलू लागले की कीर्केगार्डच्या ‘फिअर अँड ट्रेंबलिंग’ची (१८४३) आठवण साहित्याच्या वर्गात कुणीतरी काढतेच. आम्ही तिकडे वळत नाही, कारण उत्पत्तीच्या पुस्तकातच पुरेसे आहे. बाविसाव्या अध्यायात मुलाचा बळी मागितला जातो आणि अब्राहाम एक शब्दही न बोलता पहाटे उठून गाढवावर खोगीर घालतो. इग्नेशियसांना दिसतो तो हा अब्राहाम. पण चारच अध्याय आधी हाच माणूस सदोम शहरासाठी देवाशी बाजारात घासाघीस करावी तसा बोलतो. पन्नास नीतिमान सापडले तर? पंचेचाळीस? चाळीस? असे करीत तो दहांपर्यंत उतरतो, आणि प्रत्येक वेळी देव ऐकून घेतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या प्रसंगाच्या आरंभी, आपण करणार ते अब्राहामापासून लपवावे काय, असा प्रश्न देवालाच पडलेला आहे. आज्ञा देणाऱ्याला आपला विचार सांगावासा वाटतो.

परक्यांसाठी एवढे बोलणारा स्वतःच्या मुलासाठी का बोलला नाही, हा उत्पत्तीतील मोठा प्रश्न आहे आणि त्याची उत्तरे शेकडो दिली गेली आहेत. आमचे म्हणणे मर्यादित आहे. मोरियावरचे मौन सदोमच्या संवादानंतरचे आहे. ज्याने आपले ऐकले जाते हे एकदा अनुभवले आहे त्याचे ते मौन आहे. शिवाय त्या प्रसंगात अब्राहाम तीनदा हजर असल्याचे उत्तर देतो: देवाने हाक मारली तेव्हा, वाटेत मुलाने हाक मारली तेव्हा, आणि सुरी उगारल्यावर देवदूताने हाक मारली तेव्हा. पहिल्या आज्ञेला तो आंधळेपणाने चिकटून असता तर तिसरी हाक त्याला ऐकू गेली नसती. इसहाक वाचला तो ज्या बापाचे कान उघडे होते त्याच्यामुळे. पत्रात ‘आंधळे’ हा शब्द गौरवार्थी आला असेल. पण हे उदाहरण बहिरेपणाच्या कामाचे नाही.

अब्राहामाच्या शेजारी इग्नेशियस कॅशियनच्या ग्रंथातील योहान या तपस्व्याला आणतात. गुरूने वाळकी काठी जमिनीत रोवली आणि तिला पाणी घालायला सांगितले. योहान वर्षभर दुरून पाणी आणून घालत राहिला. वाळवंटातील तपस्व्यांच्या वचनसंग्रहात ठेंगू योहानाच्या नावावर हीच गोष्ट येते तेव्हा तीन वर्षांनी त्या काठीला फळे धरतात, आणि गुरू ती फळे देवळात नेऊन बंधूंना आज्ञापालनाचे फळ म्हणून वाटतो. कॅशियनच्या कथेत असे काही घडत नाही. वर्षाअखेरी गुरू येतो, मूळ धरले काय म्हणून विचारतो, योहान ठाऊक नाही म्हणतो, आणि गुरू काठी उपटून फेकून देतो. कथा म्हणून आम्हांला कॅशियनची अधिक प्रामाणिक वाटते, कारण तिच्यात चमत्काराची लाच नाही. पण तिच्यातच धोकाही अधिक आहे. काठीला पाणी घालण्यात पाणी घालणाऱ्याखेरीज कुणाचे नुकसान नसते. इसहाकाच्या शेजारी काठी ठेवली की इसहाक काठीसारखा दिसू लागतो.

येथे भाषेकडे वळणे भाग आहे. आज्ञापालन हा शब्द मराठीत संस्कृताच्या वेशात वावरतो; बोलताना आपण तो वापरत नाही. बोलताना आपण ‘ऐकणे’ म्हणतो. मुलगा ऐकत नाही, सून ऐकून घेत नाही, नोकर कुणाचे ऐकेनासा झाला. कानाने ग्रहण करणे आणि सांगितले तसे वागणे ही दोन्ही कामे मराठी एकाच क्रियापदावर सोपवते. बायबलच्या हिब्रूतही तसेच आहे. ज्या वचनाचे आपण ‘आज्ञा पाळणे’ असे भाषांतर करतो तिथे बहुधा ‘शामा’ हे ऐकण्याचेच क्रियापद असते, शमुवेलाच्या त्या वचनातही तेच आहे. नव्या कराराच्या ग्रीकमधला ‘हुपाकोए’ ‘अकुओ’पासून, म्हणजे ऐकण्यापासूनच, निघतो, आणि इग्नेशियसांच्या काळच्या लॅटिनमधल्या आज्ञापालनाच्या शब्दातही कान दडलेला आहे. लूकच्या दहाव्या अध्यायातले, तुमचे ऐकणारा माझे ऐकतो या अर्थाचे जे वचन पत्राचा आधारस्तंभ आहे त्यात तर क्रियापद सरळ ऐकण्याचेच आहे. आणि ते ज्यांना उद्देशून आहे ते शिष्य पिशवी-झोळीवाचून, लांडग्यांत कोकरे जावीत तसे गावोगाव पाठवलेले आहेत. त्यांच्या हाती सत्ता नावाची वस्तू नाही.

मराठीत याची आणखी एक बारीक छटा आहे. वरचा माणूस खालच्याला ‘माझे ऐक’ म्हणतो. खालचा वरच्याला ‘जरा ऐकून घ्या’ म्हणतो. क्रियापद एकच, दिशा उलट. पहिल्यात पाळण्याचा अर्थ आहे, दुसऱ्यात नाही. दुसऱ्यात फक्त कान मागितलेला आहे. दुसरे मागण्याची सोय जिथे नाही तिथे पहिल्याला आपण हुकूम म्हणतो, ऐकणे म्हणत नाही.

इग्नेशियसांच्या पत्रात ही दुसरी दिशा आहे काय? आहे. अब्राहाम आणि काठी यांच्यानंतर थोड्याच अंतरावर एक परिच्छेद येतो. वरिष्ठाहून वेगळे काही सुचले आणि प्रार्थना करून देवासमोर ते मांडावेसे वाटले, तर वरिष्ठापुढे मांडण्यास हरकत नाही, असे ते लिहितात. मांडताना मन तटस्थ असावे, म्हणणे मानले जावो वा न जावो. जेझुइट परंपरेत याला निवेदन म्हणून मान्यता मिळाली आणि संविधानातही त्याला स्थान आहे.

यावर कुणी म्हणेल की हा परिच्छेद लहान आहे, उशिरा येतो, आणि एवढ्या चौथऱ्यावर तुम्ही केवढे देऊळ बांधता? आक्षेप योग्य आहे. पत्राचा तोल तिसऱ्या पायरीकडेच आहे, निवेदनाकडे नाही, आणि इग्नेशियसांना आधुनिक उदारमतवादी ठरवण्याचा उद्योग आम्ही करीत नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. पत्राने ज्या बायबलचा आधार घेतला त्याच्याशी जुळवून वाचले तर हा लहान परिच्छेद सवलत राहत नाही, तो प्रतिपादनाचा आवश्यक भाग होतो. ख्रिस्ताचे आज्ञापालन हा या साऱ्या शिकवणीचा नमुना. पौल फिलिप्पैकरांना लिहिताना ते मरणापर्यंत गेल्याचे सांगतो. पण त्या मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशू काय करतो? हा प्याला टळावा म्हणून विनवतो, मत्तयाच्या वृत्तान्तानुसार तीनदा. मग स्वीकारतो. निवेदनाचा इग्नेशियसांनी सांगितलेला सारा क्रम येथे आहे: प्रार्थना, आपले म्हणणे, आणि शेवट आपल्या हाती न ठेवणे. तेव्हा निवेदन ही आज्ञापालनातली त्रुटी आहे असे मानणाऱ्याला ती त्रुटी पुत्राच्या ठायीही मान्य करावी लागेल.

इग्नेशियस आज्ञा देताना कसे वागत, याचा एक पुरावा गोव्याशी निगडित आहे. आज्ञापालनाच्या त्या पत्रानंतर तीनच महिन्यांनी, २८ जून १५५३ रोजी, त्यांनी फ्रान्सिस झेवियर यांना पत्र लिहून आज्ञापालनाच्या बळावर पोर्तुगालला परत बोलावले. ज्याने जन्मभर इग्नेशियसांचा शब्द झेलला त्याला एका ओळीचा हुकूम पुरला असता. पण पत्रात हुकमामागची कारणे एकामागून एक दिली आहेत: हिंदुस्थानातील परिस्थिती राजाला प्रत्यक्ष सांगता येईल, योग्य माणसे निवडून पाठवता येतील, वगैरे. वरिष्ठ येथे आपला विचार उघड करतो आहे, अब्राहामापासून काही न लपवणाऱ्या देवासारखा. हे पत्र झेवियर यांना कधीच मिळाले नाही. ३ डिसेंबर १५५२ रोजी, चीनच्या किनाऱ्याजवळ शांगच्वान बेटावर ते वारले होते. रोममध्ये ती बातमी पोचली नव्हती. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू मंदिरात ज्यांचा देह आहे ते झेवियर आपल्या शेवटच्या आज्ञेबाबत आज्ञाधारकही नाहीत आणि अवज्ञाकारीही नाहीत.

चारशे वर्षांनी, १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मसंघांविषयीच्या आपल्या निर्णयपत्रात वरिष्ठांनी आपल्या लोकांचे मनापासून ऐकून घ्यावे असे स्पष्टच म्हटले. आणि १९८१ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी आजारी सरसेनापती आरुपे यांच्या निवडीचा प्रतिनिधी बाजूला सारून पाओलो देझ्झा यांना संघावर नेमले, तेव्हा संघाने दोन्ही गोष्टी केल्या. कार्ल राहनर यांच्यासह काही जर्मन जेझुइटांनी पोपना पत्र लिहून आपली व्यथा कळवली, आणि संघाने नेमणूक पाळली.

साहित्याच्या वाचकाला यापेक्षा जवळचे उदाहरण हवे असेल तर जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स आहे. १८६८ मध्ये संघात जाताना त्याने आपल्या कविता जाळल्या आणि वरिष्ठांची इच्छा असल्याखेरीज लिहायचे नाही असे ठरवले. सात वर्षे गेली. डिसेंबर १८७५ मध्ये ‘डॉइचलँड’ जहाज थेम्सच्या मुखाशी बुडाले आणि जर्मनीतील कायद्यांमुळे हद्दपार झालेल्या पाच फ्रान्सिस्कन जोगिणी त्यात गेल्या. हॉपकिन्स ज्या विद्यालयात होता तिथले प्रमुख बोलता बोलता म्हणाले, यावर कुणीतरी कविता लिहावी. ही आज्ञा नव्हती. हॉपकिन्सने तिच्यात परवानगी ऐकली, आणि कित्येक दिवस कानात घुमत असलेली नवी लय कागदावर उतरली. पुढे जेझुइटांच्याच मासिकाने ती कविता छापली नाही. त्याच्या कविता पुस्तकरूपाने आल्या त्या त्याच्या मृत्यूनंतर एकोणतीस वर्षांनी, १९१८ मध्ये, रॉबर्ट ब्रिजेसच्या हातून. आज्ञापालनाने इंग्रजीला एक कवी दिला, असे भाबडे विधान आम्ही करणार नाही; गमावलेल्या सात वर्षांचा हिशेब कोण देणार? मात्र बुद्धी वाहून टाकणारा प्रेतवत् होतो असे म्हणणाऱ्यांनी या प्रसंगाकडे पाहावे. वरिष्ठ बोलून गेला त्याहून कितीतरी अधिक या प्रेताने ऐकले.

परंतु ही सारी उदाहरणे स्वेच्छेने व्रत घेतलेल्यांची आहेत आणि त्यांत पणाला लागले आहे ते आज्ञा पाळणाऱ्याचे स्वतःचे काहीतरी. प्रश्न खरा अवघड होतो तो बळी तिसराच असतो तेव्हा. उघड पाप नसेल तिथवर, अशी अट इग्नेशियस घालतात. थॉमस अक्वायनस यांनीही आपल्या ‘सुम्मा’त, कनिष्ठाने वरिष्ठाचे सर्वच बाबतींत ऐकण्याचे बंधन नाही असे सांगून प्रेषितांच्या कृत्यांतला पेत्राचा निर्वाळा पुढे केला होता: माणसांपेक्षा देवाचे ऐकले पाहिजे. अट ठीक. पण पाप उघड आहे हे कुणाच्या डोळ्यांना दिसायचे?

ऑस्ट्रियातील सांक्ट राडेगुंड गावचे शेतकरी फ्रांझ येगरस्टेटर हे जेझुइट नव्हते. हिटलरच्या सैन्यात लढणे त्यांना पाप दिसले. ते आपल्या बिशपांना, लिंझच्या फ्लीसर यांना, जाऊन भेटले, आणि बिशपांनी त्यांचे मन वळवण्याचा प्रयत्न केला. युद्ध न्याय्य आहे की नाही हे ठरवण्याची जबाबदारी सामान्य प्रजाजनावर नाही, कुटुंबाकडे पाहा, असा त्या सल्ल्याचा आशय. तिसऱ्या पायरीचा उपाय येथे तंतोतंत लागू होतो: पुरावा दोन्हीकडे झुकतो असे धरावे, आज्ञेच्या बाजूने युक्तिवाद शोधावेत. येगरस्टेटर यांनी तो उपाय नाकारला. ९ ऑगस्ट १९४३ रोजी ब्रांडनबुर्क येथे त्यांचा शिरच्छेद झाला. मागे पत्नी आणि लहान मुली होत्या. २००७ मध्ये त्याच चर्चने त्यांना धन्य घोषित केले. चर्चने हे करताना इग्नेशियसांच्या पत्राचा एक भाग नकळत दुरुस्त केला असे आमचे मत आहे. बुद्धीला इच्छेने कलते करण्याचा सल्ला मठाच्या भिंतींआत, ज्याने तो स्वतःहून मागितला त्याच्यासाठी, उपयोगी असेल. भिंतीबाहेर, जिथे आज्ञेच्या टोकाला तिसऱ्याचा गळा आहे, तिथे तो शिकवणे गैर आहे. तिथे युक्तिवाद शोधायचे ते आज्ञेविरुद्धच. सदोमच्या अब्राहामाने तेच केले.

मराठी वाचकाला जेझुइट म्हटले की फादर थॉमस स्टीफन्स आठवतात. इंग्लंडच्या राणीचा धर्म न मानणारा हा इंग्रज रोममध्ये संघात दाखल झाला, १५७९ मध्ये गोव्यात उतरला, आणि १६१६ मध्ये त्याचे ‘क्रिस्तपुराण’ रायतूरला छापले गेले. इग्नेशियसांचे पत्र त्याच्या कानांवरून गेले असणारच. त्याचा गोवा हा १५६० मध्ये इन्क्विझिशन आलेला गोवा होता. तिथे प्रवचनाला बसणारे सगळेच स्वेच्छेने बसत नव्हते, आणि ऐकणे या शब्दाला तिथे हुकमाचा वास होता. अशा ठिकाणी स्टीफन्सने उत्पत्तीपासूनची कथा सांगायला पुराणाचा घाट निवडला. पुराणात वक्ता एकटा नसतो. ‘क्रिस्तपुराणा’तही श्रोते आहेत, ते पाद्रीगुरूला मध्येच थांबवतात, शंका काढतात, देव सर्वसमर्थ असता असे का होऊ दिले म्हणून विचारतात. वरिष्ठांच्या परवानगीने छापलेल्या पुस्तकात या श्रोत्यांना जागा मिळाली आहे, आणि पाद्री त्यांना गप्प बसवत नाही. कथा थांबवून तो पुढच्या ओव्यांत त्यांना उत्तर देतो.